उंबरठ्यावरचे वजन

न्यूयॉर्क शहरातील आठव्या अव्हेन्यूवर १९३२ साली तेथील बंदर प्राधिकरणाने मालाच्या चढउतारासाठी एक अवाढव्य इमारत उभारली आणि तिच्या पोटात अशा लिफ्ट बसवल्या की, रस्त्यावरून आलेली मालमोटार आतल्या मालासकट थेट वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहावी. काळ पालटला, व्यापाराची रीत बदलली, आणि ज्या इमारतीत एके काळी पेट्या व गासड्या चढत होत्या, तिच्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस दूरसंचार कंपन्यांनी आपली यंत्रे आणून मांडली. पुढे २०१० साली गूगलने ती सारी इमारतच खरेदी केली. शिकागोत आर. आर. डॉनेली या मुद्रणव्यवसायातील बड्या पेढीचा जो प्रचंड छापखाना होता, जेथे टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि सिअर्स कंपनीची जाडजूड सूचिपत्रे छापली जात, त्याच्याही वाट्याला हेच स्थित्यंतर आले, आणि आज त्या मजल्यांवर छपाईच्या यंत्रांच्या जागी सर्व्हरांच्या रांगा उभ्या आहेत.

या निवडीमागे तारांच्या जाळ्याचे सान्निध्य हे एक कारण होतेच. परंतु दुसरे कारण, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो, ते असे की, कागदाची रिळे आणि बिडाची यंत्रे पेलण्यासाठी बांधलेली जमीन आणि ती यंत्रे वर चढवण्यासाठी ठेवलेली वाट या दोन्ही गोष्टी तेथे आयत्या होत्या. आपल्याकडे कचेरीच्या इमारतीची जमीन साधारणतः दर चौरस मीटरला २५० ते ४०० किलो भार गृहीत धरून आखली जाते. उलट, डेटा सेंटरांसंबंधी २००५ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेले टीआयए-९४२ हे मानक किमान सुमारे ७३० आणि शक्यतो १,२२० किलोंची तजवीज करावयास सांगते. कचेरीची जागा भाड्याने घेऊन तिच्यात यंत्रे भरू पाहणाऱ्याचा हिशेब येथेच चुकतो.

या यंत्रांचे वजन येते कोठून, हे आधी पाहू. सर्व्हर ज्या चौकटीत बसवतात तिला रॅक म्हणतात. तिच्यात बसणाऱ्या यंत्रांच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंचांची. उंची मोजण्याचे एकक पावणेदोन इंचांचे, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरचे, आणि नेहमीच्या रॅकमध्ये अशी ४२ एकके असतात. बाहेरून मोजली तर ही चौकट सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, १ ते १.२ मीटर खोल आणि दोन मीटर उंच भरते. रिकामी असताना तिचे वजन सव्वाशे-दीडशे किलो असते, परंतु यंत्रे भरली की ते सहज हजाराच्या घरात जाते. आणि २०२४ मध्ये एनव्हिडिया कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी जी ७२ प्रक्रियकांची रॅक जाहीर केली, तिचे वजन सुमारे १,३६० किलो आहे. घर बदलताना लोखंडी कपाट जिन्यावरून चढवणाऱ्या चौघांची तारांबळ ज्याने पाहिली असेल, त्याने जवळजवळ त्याच आकाराच्या, परंतु दहा-पंधरापट वजनाच्या आणि कोट्यवधी रुपये किमतीच्या कपाटाची कल्पना करावी, म्हणजे प्रस्तुत विषयाचे गांभीर्य ध्यानात येईल.

ही कपाटे तळमजल्यावरच का ठेवत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर जमिनीच्या भावात आहे. सिंगापुरात जागेची इतकी टंचाई की, फेसबुकने २०१८ साली तेथे जाहीर केलेले डेटा सेंटर ११ मजल्यांचे होते. मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या तारा येऊन मिळतात, त्यामुळे ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि पुढे पनवेलपर्यंत अशा बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. पनवेल येथे २०२० साली सुरू झालेल्या एकाच इमारतीची योजना ७,२०० रॅकांची आहे. यांपैकी प्रत्येक रॅक कधी ना कधी खालून वर गेलेली असते, आणि आयुष्य संपले की वरून खाली यावयाची असते. शिवाय तिच्यासोबत वीज अखंड ठेवणारी यूपीएस यंत्रे, शिशाच्या बॅटऱ्यांची कपाटे, रोहित्रे आणि गारवा निर्माण करणारे चिलर असा लवाजमा असतो. डिझेल जनित्रासारखा अतिजड ऐवज बहुधा जमिनीवर अथवा क्रेनने गच्चीवर ठेवतात, परंतु मधल्या मजल्यांचा सारा कारभार लिफ्टवर चालतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्थिर उभे असलेले वजन आणि चालते वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रॅक बनवणारे कारखानदार तिची क्षमता दोन आकड्यांत देतात. एका सुप्रसिद्ध रॅकच्या बाबतीत ती पायांवर उभी असताना सुमारे १,७०० किलो आणि चाकांवर ढकलताना अवघी सुमारे १,००० किलो आहे. कारण उघड आहे. चार चाकांवर १,३६० किलो म्हणजे प्रत्येकी ३४० किलो हा कागदावरचा भागाकार झाला. प्रत्यक्षात जमीन कोठेही काचेसारखी सपाट नसते, एखादे चाक किंचित अधांतरी राहते, आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोनच चाके बहुतेक सारा भार वाहतात. तो भार ज्या बिंदूवर टेकतो त्याचा विस्तार जुन्या रुपयाएवढाही नसतो. वर चढवलेल्या जमिनीच्या, म्हणजे ज्या खालून तारा आणि गार हवा नेतात त्या जमिनीच्या, ६० सेंटिमीटरच्या फरश्या अशा वेळी मध्यभागी सहसा दगा देत नाहीत. त्या देतात कडेला, एका फरशीवरून दुसरीवर चाक उतरते त्या रेषेवर. म्हणून जाणकार मुकादम रॅक येण्यापूर्वी सबंध वाटेवर जाड प्लायवूडचे तक्ते अंथरून घेतो आणि जवळपासची एकही फरशी उघडी राहू देत नाही.

दुसरे संकट कलंडण्याचे. ६० सेंटिमीटर रुंदीच्या रॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर उंचीवर असेल, तर बाजूला साधारण १७ अंश कलल्यावर ती स्वतःहून पडते. वरच्या खणांत जड यंत्रे भरून गुरुत्वमध्य १.२ मीटरवर नेला, तर ती मर्यादा १४ अंशांवर येते. हे स्थिर अवस्थेचे गणित झाले. चालती रॅक अडखळली की तिच्या माथ्याची गती संपत नाही, खालचे चाक मात्र थांबलेले असते, आणि मग याहून कितीतरी कमी कलही पुरेसा होतो. सबब जड यंत्रे तळाच्या खणांत ठेवणे, आणि शक्य असेल तेथे वरची यंत्रे काढून निराळी नेणे, हा नियम शिष्टाचाराचा मानू नये.

आता लिफ्टकडे वळू. तिची रचना वरवर पाहता साधी आहे. माथ्यावरच्या यंत्राच्या खोबणीदार चाकावरून पोलादी दोर सोडलेले असतात. त्यांच्या एका बाजूला केबिन आणि दुसऱ्या बाजूला समतोलाचे वजन लटकते, जे रिकाम्या केबिनीचे वजन अधिक ठरीव भाराचा साधारण निम्मा हिस्सा इतके ठेवतात. हे दोर चाकाला कोठेही बांधलेले नसतात; केवळ घर्षणाने ते खोबणीत धरले जातात. दोरांची ताकद प्रत्यक्ष ताणाच्या बारापट ठेवण्याची रीत युरोपीय नियमांनी घालून दिली आहे, आणि ही गोष्ट ऐकून ठाऊक असलेले काही उत्साही लोक त्यावरून असा निष्कर्ष काढतात की, पाटीवर २,००० किलो लिहिले असले तरी २,५०० ने काय बिघडणार. बिघडते ते असे. दोर तुटत नाही, तो घसरतो. अथवा चाकाला धरून ठेवणारा ब्रेक हटतो. आणि केबिन दार उघडे ठेवून, आत अर्धी रॅक व उंबरठ्यावर अर्धी रॅक अशा अवस्थेत, हळूहळू खाली सरकू लागते.

१८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एलिशा ओटिस यांनी उंच चढवलेल्या पाळण्यावर स्वतः उभे राहून त्याचा दोर तोडवला आणि पाळणा जागीच अडकलेला लोकांना दाखवला, तेव्हापासून लिफ्टमध्ये पतनरोधक यंत्रणा असते ही गोष्ट खरी आहे. परंतु आजची ती यंत्रणा वेग मर्यादेबाहेर गेला की जागी होते. गोगलगायीच्या गतीने चार बोटे खाली सरकणाऱ्या केबिनीची तिला दखलही नसते. उघड्या दाराने होणाऱ्या अशा सरकण्याला रोखणारी वेगळी व्यवस्था युरोपच्या नियमांनी अलीकडे सक्तीची केली. जुन्या लिफ्टमध्ये ती असेलच असे नाही.

पाटीवरच्या आकड्याचा आणखी एक अर्थ आहे, जो पाटी सांगत नाही. अमेरिकेच्या लिफ्टविषयक संहितेत मालाच्या लिफ्टचे भार चढवण्याच्या रीतीप्रमाणे वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गाच्या लिफ्टमध्ये माल हाताने अथवा हातगाडीने आणून सर्वत्र पसरून ठेवावयाचा असतो, आणि कोणताही एक नग, किंवा मालासकट एक हातगाडी, ठरीव भाराच्या चतुर्थांशाहून जड असता कामा नये असा दंडक आहे. म्हणजे ४,००० किलोंच्या अशा लिफ्टमध्ये हजार-हजार किलोंच्या चार रॅका नेता येतील, परंतु १,३६० किलोंची एकटी रॅक नेता येणार नाही! हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते, पण त्यामागचे कारण केबिनीच्या तळाशी आहे. भार एका कडेला एकवटला की तळाची पोलादी चौकट पिळवटते, केबिन तिरपी होऊ पाहते आणि तिला सरळ ठेवणारे रूळ बाजूने ढकलले जातात. एकवटलेल्या जड नगांसाठी आणि आत शिरणाऱ्या यांत्रिक गाड्यांसाठी निराळ्या वर्गाची, मुळातच भक्कम तळाची आणि रुळांची लिफ्ट घ्यावी लागते. खरेदीच्या वेळी केवळ वजनाचा आकडा विचारणारा आणि वर्ग न विचारणारा अधिकारी आपल्या कामात कसूर करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीचे स्वतःचे वजनही त्या आकड्यातच मोजावयाचे असते, हे तर पुष्कळांच्या गावीही नसते.

या सर्व प्रवासातला अत्यंत नाजूक क्षण केबिनीच्या उंबरठ्यावरचा. मजल्याची कड आणि केबिनीची कड यांमध्ये दोन-तीन सेंटिमीटरची फट असते. रॅकची पुढची दोन चाके ती ओलांडून आत गेली की निम्मे वजन एकाएकी केबिनीवर पडते, पोलादी दोर ताणले जातात, आणि केबिन खाली दबते. दोर जितका लांब तितके त्याचे ताणले जाणे अधिक. यंत्र माथ्यावर असल्यामुळे तळमजल्यावर दोर सर्वाधिक लांब असतो, आणि दैवयोग असा की, सारा माल तळमजल्यावरच आत शिरतो. उंच इमारतीत हे दबणे बोटाच्या जाडीएवढेही होऊ शकते. आता पुढची चाके खाली आणि मागची चाके वर, मधे तयार झालेली पायरी, आणि मागून ढकलणारे लोक, ज्यांना पुढे काय झाले ते रॅकच्या आडोशामुळे दिसत नाही. लिफ्टची नियंत्रक यंत्रणा दबलेली केबिन पुन्हा समपातळीवर आणते खरी, पण तिला क्षणभर वेळ लागतो, आणि घाई करणारा मनुष्य नेमका तोच क्षण देत नाही. मागचे लहान चाक फटीत अडकते, माथा पुढे झुकतो, आणि केबिनीत उभा असलेला माणूस रॅक व मागची भिंत यांमध्ये सापडतो.

अनुभवी मंडळी येथे काय करतात ते पाहण्यासारखे आहे. फटीवर चेकर्ड प्लेटचा जाड पोलादी पत्रा टाकतात. पत्रा घसरू नये म्हणून त्याला खालून अडण लावतात. रॅक स्वतःच्या चाकांवर न नेता मोठ्या चाकांच्या सपाट स्केटवर बसवून, पट्ट्यांनी आवळून नेतात, कारण मोठे चाक फटीत रुतत नाही. ती आडवी न नेता लांबीकडून आत घेतात, म्हणजे कलंडण्याच्या दिशेला खोली पडते. पुढची चाके आत गेली की मुकादम ‘बस!’ म्हणून थांबवतो, केबिन स्थिरावू देतो, मग ‘आस्ते, आस्ते’ म्हणत मागची चाके घेतो. ओढणारा माणूस केबिनीत राहत नाही; रॅक आत जाऊन चाकांखाली अडसर लागले की सारे बाहेर येतात, आणि लिफ्ट एकटी वर जाते, जिथे दुसरी टोळी हजर असते. दोन टोळ्यांमध्ये फोन चालू असतो. हुकूम एकाचाच, मात्र ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार टोळीतल्या सर्वांत धाकट्या पोरालाही, हा संकेत मला या धंद्यातला सर्वांत शहाणा संकेत वाटतो.

वाटेच्या बाकीच्या भागाविषयी थोडक्यात. उताराचे गणित तोंडी करता येते: १२ ला १ अशा सौम्य उतारावरही १,३६० किलोंची रॅक सुमारे ११३ किलोंच्या जोराने खाली ओढत असते, आणि ८ ला १ असा उतार केला तर १७० किलोंच्या, म्हणून उतारावर रॅकच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये आणि वरून पट्ट्याने अथवा विंचने धरून ठेवावे. दारांचे मोजमाप ही दुसरी बाब. टीआयए-९४२ दाराची किमान उंची २.१३ मीटर सांगते. परंतु हल्ली प्रचारात आलेल्या ४८ एककांच्या रॅकमध्ये नुसत्या खणांचीच उंची २.१३ मीटर भरते, चौकट आणि चाके वेगळी. असा ऐवज मानकाप्रमाणे बांधलेल्या दारासमोर येऊन अडतो, आणि त्याला तिरपा करण्याचा मोह अनावर होतो. खोक्यावर चिकटवलेली कलसूचक चिठ्ठी अशा वेळी रंग बदलते आणि कारखानदाराची हमी धोक्यात येते. मालमोटारीपासून रॅकच्या अंतिम जागेपर्यंत प्रत्येक दार, वळण, छताखाली लोंबणारी तारांची जाळी आणि लिफ्टचे दार फितीने मोजून त्याचा दस्तऐवज आदल्या आठवड्यात तयार ठेवणे एवढीच याची तोड आहे.

चिलरसारखा ऐवज गच्चीवर क्रेननेच जातो, आणि तेथे जड ओझी उचलणाऱ्या खलाशांचे राज्य असते. ‘हबेस’ म्हटले की वर, ‘आरिया’ म्हटले की खाली, ही त्यांची जुनी परिभाषा. येथे फसवणारी गोष्ट म्हणजे दोराचा कोन. १० टनांचे वजन दोन पट्ट्यांनी उचलताना पट्टे जमिनीच्या पातळीशी ६० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येकावर सुमारे ५.८ टनांचा ताण येतो. आखूड पट्टे वापरून तोच कोन ३० अंशांवर आणला, तर प्रत्येक पट्ट्यावर पुरे १० टन पडतात. वजन तेच, पट्टे दोनच, केवळ कोन बदलला.

कायद्याची स्थितीही कुतूहलजनक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि उचलण्याच्या साखळ्या-दोरांची दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली. परंतु त्याच अधिनियमात पुढे असा खुलासा जोडला गेला की, केवळ संगणकाची यंत्रणा बसवली आहे एवढ्यावरून ती जागा कारखाना ठरणार नाही. लिफ्टपुरता मुंबई इलाख्यात १९३९ पासून स्वतंत्र कायदा होता, आणि राज्याने २०१७ साली लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांसाठी नवा अधिनियम केला, तेव्हा लिफ्टचा परवाना आणि तपासणी यांतून सुटका नाही. तथापि रॅक ढकलणारी माणसे बहुधा कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराची, आज येथे तर उद्या तेथे अशी असतात. ज्या नवी मुंबईत वाशीच्या बाजारातील माथाडींना अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे आणि १९६९ च्या कायद्यामुळे नोंदणीचे व कल्याणाचे छत्र मिळाले, तिच्यातच हजार किलोंच्या यंत्रांमागे राबणाऱ्या माणसाच्या पायांत पोलादी टोकाचे बूट आहेत की नाहीत, हे डेटा सेंटरच्या मालकाने जातीने पाहिले पाहिजे. कायदा त्या जागेला कारखाना म्हणो वा न म्हणो, तिथली वजने कारखान्याचीच आहेत.

राहता राहिली ती रचनाकारांना एक विनंती. सर्व्हर चार-सहा वर्षांत बदलतात आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीहून जड निघते. इमारत मात्र अर्धशतक उभी राहावयाची, आणि काँक्रीटमध्ये एकदा ठरलेला लिफ्टचा कूप नंतर हातभरही रुंद करता येत नाही. म्हणून ज्यांच्या टेबलावर आज अशा इमारतींचे नकाशे पसरलेले आहेत, त्यांनी कूपाची रुंदी, दाराची उंची आणि तळाचा वर्ग आजच्या रॅकला पुरेल इतका न ठेवता वर भरपूर सवलत ठेवून ठरवावा, आणि पहिली लिफ्ट दुरुस्तीला निघेल त्या दिवसासाठी मालाच्या दुसऱ्या लिफ्टची जागा आत्ताच नकाशात राखून ठेवावी.